खंडेनवमीचा पासवर्ड

माणसानं ट्रेनिंगला जरूर जावं, पण तिथं लक्ष देऊन ऐकू नये. हे मी आता अनुभवानं सांगतोय.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरला आहे. (पंचतारांकित या शब्दामुळं आमच्या सासऱ्यांना लग्नानंतर बरेच दिवस मी हॉटेलात कामाला आहे असं वाटायचं. "जावई एवढ्या मोठ्या हॉटेलात, पण येताना कधी एक वडा आणत न्हाय," असं ते भावकीत सांगत.) तर नवरात्रात कंपनीनं कॉम्प्युटरच्या सुरक्षेवर एक ट्रेनिंग ठेवलं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्यांनी उभं राहिल्या राहिल्या विचारलं, "तुमच्या घराला कुलूप आहे. घरच्या कॉम्प्युटरला आहे का?"

आमच्या घरच्या कॉम्प्युटरला कुलूप नव्हतं. बटण दाबलं की तो चालू व्हायचा आणि जो समोर बसेल त्याचा व्हायचा. बाई माझ्याकडंच बघून बोलतायत असं वाटून मी उगीच मान खाली घातली.

मग त्यांनी नियम सांगितले. पासवर्डात कॅपिटल अक्षर हवं, आकडा हवा, आणि तो कुणालाही सांगायचा नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "बायकोलाबी न्हाय?" बाई म्हणाल्या, "कुणालाही म्हणजे कुणालाही." जेवणानंतर पेंगत बसलेला अख्खा हॉल त्या वाक्याला जागा झाला.

आता मला लहानपणापासून एक खोड आहे, ती म्हणजे उत्सुकता. आत काय आहे ते मला बघावंच लागतं. घड्याळ उघडून बघितलं, इस्त्री उघडून बघितली, मिक्सर उघडून बघितला. (मिक्सर अजून उघडाच आहे. चटणी वाटताना एकानं वरून धरावा लागतो.) लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला माहीत नाही अशी एकही गोष्ट आमच्या घरात नव्हती. एखादी असली तर कसं वाटतं, हे मला बघायचं होतं. एवढ्याशा उत्सुकतेपायी मी कॉम्प्युटरला पासवर्ड लावायचं ठरवलं.

पण लावायचा कुठला? माझी बायको वर्षाराणी हायस्कूलात भूगोल शिकवते. पोरगं खोटं बोलतंय हे तिला चेहऱ्यावरून कळतं आणि नवरा खोटं बोलतोय हे पाठीवरून. माझं नाव, स्कूटरचा नंबर, आमच्या लग्नाची तारीख, हे तिनं पहिल्या झटक्यात ओळखलं असतं. (तारीख नसती ओळखली. ती मला आठवत नाही हे तिला माहीत आहे.) तिला जन्मात सुचणार नाही असं काहीतरी पाहिजे होतं. विचार करता करता ते सुचलं आणि मी एकटाच खुर्चीत बसून हसलो.

पासवर्ड होता, 'मी घरचा मालक'. इंग्रजी अक्षरांत, सलग, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल आणि शेवटी एक आकडा. (तुम्हाला सांगायला आता हरकत नाही. आम्ही राहतो त्या निम्म्या राजारामपुरीला माहीत झालाय.) तो तिला का सुचला नसता, तेही सांगतो. फ्लॅट तिच्या नावावर आहे. कर्ज तिच्या पगारावर मिळालं. बँकेत गेलो तेव्हा साहेब तिच्याशी अर्धा तास बोलले आणि मला फक्त "चहा घेणार का?" एवढं विचारलं. दारावरच्या पाटीवर तिचं नाव वर आहे आणि माझं खाली. जागा उरली नव्हती म्हणून ते जरा बारीक आलंय.

पासवर्ड लावताना कॉम्प्युटर एक हिंटही मागतो. म्हणजे चुकीचा पासवर्ड घातला की आठवण करून द्यायला ती पडद्यावर येते. मी हिंट लिहिली, 'मी कोण?' मग बंद करून, चालू करून, पासवर्ड घालून बघितला. झक्कास उघडला. समाधानानं मी कॉम्प्युटर बंद केला आणि पूजेच्या तयारीला लागलो, कारण त्या दिवशी खंडेनवमी होती.

खंडेनवमीला ज्यानं त्यानं आपापल्या हत्याराची पूजा करायची. कसबा बावड्याला सासऱ्यांच्या घरी त्या दिवशी खुरपी, विळे, कोयते धुऊन मांडतात आणि ट्रॅक्टरला हार घालतात. आमच्या कारखान्यातही सकाळी प्रत्येक मशीनपुढं नारळ फुटला होता आणि माझ्या अंगात अजून तोच जोर होता. घरात हत्यार म्हणून काय, तर शिलाई मशीन, उघडा मिक्सर, माझी स्कूटर आणि कॉम्प्युटर. मी कॉम्प्युटरपुढं नारळ फोडणार होतो, पण वर्षानं हात धरला. मग मॉनिटरला झेंडूची माळ घातली, खालच्या सीपीयूच्या डब्याला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली आणि शेवटी मूठभर अक्षता लग्नात टाकतात तशा लांबून टाकल्या.

"जरा बेतानं," वर्षा म्हणाली.

"पूजेत बेत बघू नये," मी म्हणालो.

"ते असू दे. मला माझं प्रेझेंटेशन पेन ड्राइव्हवर घेऊ द्या आधी. परवा रविवारी कार्यक्रम आहे."

"आता? अगं, पूजा झालेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावत नाहीत. आण्णा तरी ट्रॅक्टर चालवतात का?"

वडिलांचं नाव काढल्यावर तिनं पेन ड्राइव्ह परत पर्समध्ये टाकला. (आण्णांनी त्या दिवशी संध्याकाळीच ट्रॅक्टरनं शेजाऱ्याचं रान नांगरून दिलं होतं. हे मला मागाहून कळलं.)

त्या प्रेझेंटेशनबद्दल सांगायलाच पाहिजे. वर्षाच्या वर्गातली पोरं दोन पावसाळे पंचगंगेवर लक्ष ठेवून होती. पाणी कुठल्या पायरीला आलं, कुठल्या झाडाला लागलं, रोज जाऊन बघायची आणि चित्रं काढायची. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या पुराच्या गोष्टी विचारून आणायची. ते सगळं वर्षानं कॉम्प्युटरवर चढवून, रात्रीचं जागून, त्याचं प्रेझेंटेशन केलं होतं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता एका मोठ्या हॉलमध्ये, जिल्ह्यातल्या शिक्षकांसमोर, ती ते दाखवणार होती. आपलं चित्र पडद्यावर दिसणार म्हणून पोरं आईबापांना घेऊन येणार होती. आजवर तिला स्टेजवर बोलवायचे ते पाहुण्यांना गुच्छ द्यायला. यावेळी बोलायला बोलावलं होतं.

शनिवारी दसरा झाला. रविवारी जेवण आटोपून वर्षानं मॉनिटरची माळ काढली, नमस्कार केला आणि बटण दाबलं.

"अहो," तिनं आतून हाक मारली. "हा काहीतरी मागतोय."

मी सावकाश गेलो. घाई केली असती तर मजा गेली असती. "पासवर्ड मागतोय," मी म्हणालो.

"कधी लावलासा?"

"नवमीला. सुरक्षेसाठी. ऊठ, मी घालतो. आणि तिकडं तोंड कर."

"मी? तिकडं तोंड करू?"

"नियम आहे," मी म्हणालो. तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत उभी राहिली. मी माझ्या दोन बोटांनी पासवर्ड घातला. कॉम्प्युटर म्हणाला, पासवर्ड चुकीचा आहे. खाली हिंट आली, 'मी कोण?'

म्हटलं, बोट घसरलं असेल. पुन्हा घातला. पुन्हा चुकीचा. आता मला काळजी वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर मला उत्सुकताच वाटली. तोच पासवर्ड, तेच बोट, तोच कॉम्प्युटर, आणि परवा उघडला होता. मग मधल्या मध्ये आत झालं काय? मी तपास सुरू केला. कॅप्स लॉकचा दिवा बघितला, तो बंद होता. एकेक बटण दाबून बघितलं, प्रत्येक बटणाला चौकटीत एक ठिपका पडत होता. म्हणजे बटणं शाबूत होती. ठिपके पुसून पुन्हा सगळा पासवर्ड घातला. चुकीचा.

"झालं का?" वर्षानं कॅलेंडरला विचारलं.

"होतंय," मी म्हणालो.

तेवढ्यात बेल वाजली आणि आण्णा आले. आण्णा म्हणजे माझे सासरे, गणपतराव. दसऱ्याचं सोनं द्यायला आणि लेकीचा कार्यक्रम बघायला ते बावड्याहून आले होते. हातात ओल्या शेंगांची पिशवी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्याला नवा फेटा. पुराची आठवण सांगतानाचा त्यांचाही एक फोटो प्रेझेंटेशनमध्ये होता आणि तो पडद्यावर केवढा दिसणार, हे त्यांनी बावड्यात सगळ्यांना हातानं दाखवून सांगितलं होतं.

"पावणं, काय करालायसा?" त्यांनी विचारलं.

"उघडत नाही," मी म्हणालो.

"कुणी बंद केलंय?"

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. आवाज ऐकून समोरच्या फ्लॅटमधला उदयसिंहही आला. त्याचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, त्यामुळं वायर असलेली कुठलीही वस्तू त्याला आपलीच वाटते. "भावा, करंट काढ," तो आल्याआल्या म्हणाला. "जरा गार हुंदे. मोटारीचं बी असंच असतंय." करंट काढला. तो गार होईपर्यंत आम्ही शेंगा खाल्ल्या. करंट घातला. पासवर्ड घातला. चुकीचा. 'मी कोण?'

आण्णा सातवीपर्यंत शिकलेले. त्यांनी चष्मा लावून पडद्यावरची अक्षरं जुळवली. "मी... कोण. पावणं, ह्यो तुमास्नी इचारतोय का सोताला?"

"मलाच विचारतोय, आण्णा. ती खूण आहे. त्यावरून पासवर्ड आठवायचा."

"मग सांगा की त्येला. त्यात काय अवघड हाय?"

"नाव घाल तुझं," उदयसिंह म्हणाला.

आता माझी खरी पंचाईत झाली. पासवर्ड मला पाठ होता, तो आठवायचा प्रश्नच नव्हता. पण ते सांगितलं असतं तर "मग काय हाय तो?" हा पुढचा प्रश्न आला असता, आणि सासऱ्यांसमोर, त्यांच्या लेकीच्या फ्लॅटमध्ये बसून, त्यांच्याच शेंगा खात, मी तो कुठल्या तोंडानं सांगणार होतो? म्हणून मी विसरल्याचं सोंग घेतलं आणि माझं नाव घातलं. विश्वजित. चुकीचा.

"स्टोअरकीपर घाल," उदयसिंह म्हणाला. घातलं. चुकीचा.

"जावई घाला," आण्णा म्हणाले. घातलं. तेही चुकीचं निघालं, तेव्हा आण्णांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

"ढोंगी घाला," वर्षा कॅलेंडरकडं बघतच म्हणाली. (पाठीवरून कळतं म्हणालो, पण तिला पाठ फिरवूनही कळतं.)

मी तेही घातलं. काय करणार, सोंग घेतलं की ते पुरं करावं लागतं. तेवढ्यात पडदा बदलला आणि कॉम्प्युटर म्हणाला की फार वेळा चुकलात, आता थोडा वेळ थांबून या.

"इसकाटलं," आण्णा म्हणाले आणि शेंग सोलायची थांबले.

उदयसिंहानं खिशातून मोबाइल काढला. त्याचा एक पावणा कॉम्प्युटर दुरुस्तीतला होता. त्यानं फोन स्पीकरवर टाकला. पावण्यानं सगळं ऐकून घेतलं आणि तो शांतपणे म्हणाला, "फॉरमॅट मारायला लागंल."

"मारला की काय होईल?" मी विचारलं.

"कोरा करकरीत होतोय की. नव्यागत."

"आणि आतलं?"

"आतलं कुठलं ऱ्हातंय? काय महत्त्वाचं हाय काय त्यात?"

उदयसिंहानं फोन ठेवला. वर्षा कॅलेंडरपासून वळली आणि पलंगाच्या कडेला बसली. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला त्याची सवय आहे. पण ती हळू आवाजात बोलली.

"चित्रांची मूळ पानं मी पोरांना परत दिली. प्रत्येकानं घरात लावायला मागितली म्हणून. आता ती जमवायची कुठनं, आज रविवारी? त्या हॉलात पोरं पुढच्या रांगेत बसणार आहेत. मी काय दाखवू त्यांना? पुन्हा एक गुच्छ देऊन खाली येऊ?"

आण्णांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. एका बाजूला हिचे दोन पावसाळे आणि दुसऱ्या बाजूला माझी बारीक अक्षरातली अब्रू. मी मनाशी ठरवलं की सांगून टाकायचं. काय हसतील ते हसू देत.

"वर्षा," मी म्हणालो, "मला पासवर्ड आठवतोय. पहिल्यापासनं आठवतोय. तोच घालतोय, तरी हा घेत नाही. आता तुलाच सांगतो, तू बघ. फक्त आण्णांनी आणि उदयसिंहानं जरा गॅलरीत जावं."

"गॅलरीत ऊन हाय," आण्णा म्हणाले.

"मी काय परका हाय व्हय?" उदयसिंह म्हणाला आणि त्यानं खुर्ची आणखी पुढं ओढली. उत्सुकता फक्त माझ्यातच आहे असा माझा समज होता, तो त्या दिवशी गेला.

कॉम्प्युटरची थांबायची वेळ संपली होती, चौकट पुन्हा आली होती. म्हटलं, एकदा शेवटचा घालून बघू, नाहीतर कानात सांगू. मी देवाचं नाव घेऊन एकेक बटण दाबून पासवर्ड घातला. ठिपक्यांची सगळी रांग उमटली. एंटर दाबणार तेवढ्यात आण्णांनी पडद्याजवळ वाकून बोट दाखवलं.

"पावणं, ठिपक्यांच्या म्होरं ह्यो डोळा कसला हाय?"

मी कधी बघितलाच नव्हता. खरंच तिथं चौकटीच्या टोकाला बारीक डोळ्याचं चित्र होतं. "असेल काहीतरी," मी म्हणालो. "थांबा, बघूया कशाला आहे." (ही माझी खोड. हे वाक्य मीच बोललो, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.)

माउस उदयसिंहाच्या हाताजवळ होता. त्यानं बाण डोळ्यावर नेला आणि बटण दाबून धरलं. ठिपके गेले आणि त्यांच्या जागी अक्षरं आली. आमचा मॉनिटर चांगला मोठा आहे. वर्षाला चित्रं नीट दिसावीत म्हणून मीच हट्टानं मोठा घेतला होता.

"सोड बटण, उदयसिंह," मी म्हणालो.

"थांब की, वाचू दे आण्णांस्नी."

आण्णांनी चष्मा वर केला आणि सातवीच्या शिक्षणाला स्मरून एकेक अक्षर मोठ्यानं जुळवत गेले. "मी... घर... चा... मा... लक. एक." मग ते माझ्याकडं वळले आणि त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, "कोण?"

उदयसिंहाच्या घशात शेंगदाणा अडकला. त्याच्या पाठीत मारायच्या निमित्तानं मला तोंड लपवायला मिळालं, पण ते फार वेळ टिकलं नाही. आण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून विचार करत होते. "म्हंजे पावणं," ते म्हणाले, "हे तुमी सांगालायसा, आन् ह्यो म्हंतोय चुकीचं हाय."

"व्हय," मी म्हणालो.

"मशीन इमानदार हाय," आण्णा म्हणाले.

वर्षा मात्र हसत नव्हती. ती पलंगावरून उठून पडद्याजवळ आली होती आणि वहीतली चूक शोधताना बघते तशी त्या ओळीकडं बघत होती. "हे सगळं लहान अक्षरात का आहे?" तिनं विचारलं. "तुम्ही असंच लावलंय का?"

"छे. तीन कॅपिटल आहेत. मी शिफ्ट दाबतोय की दरवेळी."

"दाबा बघू आता."

मी दाबलं. ते खाली गेलंच नाही. म्हणजे थोडं गेल्यासारखं वाटलं आणि थांबलं. मला इतका वेळ वाटत होतं की शिफ्ट जरा कडकच असतं. आणि शिफ्टला ठिपका पडत नाही, हे माझ्या तपासात आलंच नव्हतं. वर्षानं कीबोर्ड उचलला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि कीबोर्ड उपडा करून पाठीवर दोन चापट्या मारल्या.

पहिल्यांदा झेंडूच्या पाकळ्या पडल्या. मग उदबत्तीची राख पडली. मग कुंकू लागलेल्या लाल लाल अक्षता पडायला लागल्या आणि पडतच राहिल्या. सगळ्यात शेवटी तिनं डोक्यातली पिन काढून डावीकडच्या शिफ्टच्या खाली घातली आणि आडवा बसलेला एक अख्खा तांदूळ बाहेर काढला. तो तिनं तळहातावर घेऊन माझ्यापुढं धरला.

"पूजेत बेत बघू नये," ती म्हणाली.

"उजवीकडं बी एक शिफ्ट हाय की रं," उदयसिंह डोळे पुसत म्हणाला. हे मला त्या दिवशीच कळलं. दोन बोटांनी टाइप करणाऱ्याला उजवीकडचं शिफ्ट म्हणजे परगाव.

वर्षा खुर्चीत बसली. वर्गात शुद्धलेखन घालते तसं मोठ्यानं म्हणत तिनं टाइप केलं, "मी. घरचा. मालक. एक." एंटर दाबलं. कॉम्प्युटर तिला मालक म्हणून मान्य करून पहिल्याच फटक्यात उघडला. आण्णांनी फेटा पुन्हा डोक्यावर ठेवला. तिनं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला, प्रेझेंटेशन त्यावर घेतलं, एकदा उघडून बघितलं आणि मगच साडी बदलायला गेली.

संध्याकाळी हॉल भरला होता. मी मागच्या रांगेत बसलो, पुढं बसायचं धाडस नव्हतं. पडद्यावर एकेक चित्र येत होतं आणि पुढच्या रांगेतली पोरं उड्या मारून आईबापांना दाखवत होती. आण्णांचा फोटो आला तेव्हा आण्णा जागेवर उभे राहिले, म्हणजे लोकांना ताडून बघता यावं. वर्षा कागद न बघता बोलली. पाणी वाढताना पोरांनी काय बघितलं ते तिनं असं सांगितलं की माझ्या शेजारचे एक मास्तर खुर्चीत पुढं सरकून बसले. शेवटी टाळ्या पडल्या, तेव्हा मला रडू आलं. एका तांदळापायी हे सगळं गेलं असतं, आणि तो तांदूळ मी टाकला होता. मला बायकोचा फार अभिमान वाटला आणि स्वतःचा अजिबात वाटला नाही.

घरी येताना मी तिला तसं सांगितलंही. ती हसली आणि म्हणाली, "असू दे. झालं ना सगळं." आता विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो आणि कॉम्प्युटर चालू केला, तर पडद्यावर दोन नावं होती. वरती 'वर्षाराणी' आणि खाली 'विश्वजित'. तिनं दोघांची वेगवेगळी खाती केली होती. माझं खातं बिनपासवर्डाचं होतं, म्हणून सरळ आत गेलो. पत्त्यांचा एक खेळ घालायला लागलो, तर कॉम्प्युटर म्हणाला, तुम्ही साधे वापरकर्ते आहात, यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागेल. ॲडमिनिस्ट्रेटर अर्थातच वरच्या नावाचा होता. (जिन्यात उदयसिंह भेटला की "काय मालक?" म्हणतो. त्याला अजून ही पुढची हकिकत कळलेली नाही.)

वर्षा बाहेर भाजी निवडत बसली होती. घरात सगळं शांत होतं आणि मला पुन्हा ती खोड आठवली. हिनं पासवर्ड काय ठेवला असेल? मी माझ्या खात्यातून बाहेर आलो आणि तिच्या नावावर क्लिक केलं. चौकट आली. डोळा कुठं आहे ते आधी बघून ठेवलं. शिफ्ट दाबून बघितलं, दोन्ही बाजूंचं चालत होतं. मग जुनाच पासवर्ड घालून बघितला, म्हटलं, एखादवेळेस तोच ठेवला असेल. सावकाश, कॅपिटल अक्षरं सांभाळून घातला आणि हळूच एंटर दाबलं.

पासवर्ड चुकीचा होता. खाली तिची हिंट आली:

'वाटलंच होतं. चहा ठेवा.'

मी मागं वळून बघितलं. ती मान वर न करता मेथी निवडत होती. मी उठलो आणि चहा ठेवला.